मंडळीला माझी गरज आहे

२ जून, सोमवार
नवं शहर, नवं घर. तिसरा मजला, दोन खोल्या, एकवीस खोकी. त्यातली चार उघडली. पाचव्यात माझे शर्ट असतील असा अंदाज होता, पण निघाली नुसती झाकणं. कशाची ते हिलाही सांगता येईना.

आजपासून ही वही. कुणालाही दाखवायची नाही. निश्चय असे: रोज पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना. वर्षाच्या आत पवित्र शास्त्र, अख्खं बायबल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणं. चिडणं बंद. आणि चार रविवारांच्या आत योग्य चर्च, म्हणजे योग्य मंडळी, शोधून काढणं.

हा शेवटचा निश्चय सगळ्यात महत्त्वाचा. बदली कारखान्यानं केली असली तरी यात देवाची काहीतरी योजना असणारच. जुन्या मंडळीत मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो. निरोपाच्या दिवशी माझं भाषण संपायच्या आधीच लोकांनी टाळ्या सुरू केल्या, त्या थांबेचनात. शेवटी मला बसावं लागलं. इतकं प्रेम. माझ्यामागे त्यांचं कसं होणार ही काळजी आहेच. तीन दिवसांत एकाचाही फोन नाही. सावरले नसावेत.

मंडळी उगाच भावनेच्या भरात निवडायची नाही. तक्ता केला. उपदेश ३० मार्क, गायन २०, स्वागत २०, बसायची सोय १०, आणि मंडळीला माझी गरज किती, त्याचे २०. हिला दाखवला. ही म्हणाली, यात देव कुठल्या रकान्यात आहे. मी म्हटलं, देव सगळीकडेच असतो, त्याला वेगळा रकाना लागत नाही. उत्तर मला स्वतःलाच फार आवडलं.

३ जून, पहाटे ५.००
उठलो. गुडघे टेकले.

३ जून, सकाळी ६.५०
अजून गुडघ्यांवरच. एक तास पन्नास मिनिटं. इतकी सखोल प्रार्थना आयुष्यात झाली नव्हती. मधलं काही आठवतसुद्धा नाही. ही म्हणते, घोरत होतात. ही नेहमी वरवरच्या गोष्टींवर जाते.

८ जून, रविवार
पहिली मंडळी. मोठं चर्च, बाहेरून बँकेच्या हेड ऑफिससारखं. आत गालिचा, तीन पडदे, रंगीत दिवे. दारातल्या बाईंनी माझ्या छातीवर 'मी नवीन आहे' असं स्टिकर लावलं. मी त्यांना सांगितलं की मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे. त्या म्हणाल्या, वा, आणि हिलाही एक स्टिकर लावलं.

उपदेश चांगला, पण उपदेशक स्टेजवर इतका फिरत होता की माझी मान अवघडली. अकरा जणांनी हात मिळवला, थांबला एकही नाही. कॉफी उत्तम. मार्क ७१. हिला विचारलं तर म्हणाली, मला सारखं वाटत होतं आपली फ्लाइट कधी अनाउन्स होणार.

१३ जून, शुक्रवार
कारखान्यात जम बसला. काम तेच, चष्म्याची भिंगं तपासायची. ट्रेमध्ये दोन भिंगं आणि जॉब-कार्ड येतं. कार्डावरचे आकडे आणि यंत्रावरचे आकडे जुळले की शिक्का मारून ट्रे पुढे. माझा शिक्का सत्तावीस नंबरचा. इथली यंत्रं जुनी आहेत पण माझ्या नजरेला सव्वीस वर्षांचा सराव. आज एकशे साठ जोड पास केले, सेक्शनमध्ये सगळ्यात जास्त. शिवाय मधल्या मधे मंडळीच्या तक्त्यात 'माइकची व्यवस्था' हा रकाना वाढवून मार्कांची फेरवाटणीही केली. सेक्शनच्या मॅडम मागे उभ्या राहून बघून गेल्या. बोलल्या काही नाहीत. छाप पडली असावी.

शास्त्रवाचन: वंशावळीपर्यंत पोचलो. कोण कुणाचा मुलगा यात गोंधळ होतो. उद्या ताज्या डोक्यानं.

१५ जून, रविवार
दुसरी मंडळी. जुनं दगडी चर्च. छप्पन्न बाक, आठ माणसं. आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो. काठी टेकत एक आजोबा आले आणि आमच्याशेजारी उभे राहिले ते उभेच. गीत झालं, वाचन झालं, आजोबा उभे. इतकी भक्ती मी कुठं पाहिली नव्हती. मग हिनं मला कोपरानं ढकलून सरकवलं, आणि आजोबा सुस्कारा टाकून बसले. एकोणचाळीस वर्षं ती त्यांची जागा आहे म्हणे. उपासनेनंतर मी त्यांना बाकीचे रिकामे बाक प्रेमानं मोजून दाखवले. त्यांना ते आवडलं नसावं. मार्क ४४.

२२ जून, रविवार
तिसरी मंडळी. शिवणक्लासच्या वरचा हॉल, घडीच्या खुर्च्या, पन्नासेक माणसं. पाळकसाहेब आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात, त्यामुळे उपदेश देताना त्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असतो.

पियानोवर पंच्याहत्तरीच्या एक आजी. फळ्यावर गीताचा नंबर होता २२. आजींनी चाल धरली ३३ ची. बावीस पश्चात्तापाचं, तेहतीस लग्नाचं. सगळ्या मंडळीनं पश्चात्तापाचे शब्द लग्नाच्या चालीत म्हटले, कुणी हूं की चूं केलं नाही. गायनाला मी वीसपैकी दोन दिले, तेही दयेपोटी.

नंतर एक प्लंबर भेटले. सगळे त्यांना पाइपवाले भाऊ म्हणतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, काय गळतंय. माणूस खोल वाटला. मी माझ्या अंतःकरणाच्या अवस्थेवर तीन-चार मिनिटं बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ही म्हणाली, सिंकखालचा पाइप.

एकूण मार्क ३८. त्यातले वीस 'मंडळीला माझी गरज' याचे, पैकीच्या पैकी. ही जिना उतरताना म्हणाली, मला इथं बरं वाटलं. मी तिला समजावलं की बरं वाटणं हा निकष होऊ शकत नाही.

२५ जून, बुधवार
पाइपवाल्या भाऊंनी परवाच येऊन पाइप बसवला आणि हिला बुधवारच्या प्रार्थनेला बोलावून गेले. त्यांच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमतात. ही गेली. मी गेलो नाही, माझा निर्णय व्हायचाय. मिळालेला निवांत वेळ शास्त्रवाचनाला दिला. वंशावळ. साडेसातला ही परत आली तेव्हा मी पुस्तकावर डोकं टेकून चिंतन करत होतो.

६ जुलै, रविवार
निर्णय झाला. मार्क खोटं बोलत नाहीत: मोठं चर्च. ही म्हणाली, तुम्ही तिकडे जा, मी शिवणक्लासवर जाते. मी परवानगी दिली. (ही आधीच चप्पल घालून उभी होती.)

सेवेचा फॉर्म भरला. आवड: नेतृत्व. अनुभव: नऊ वर्षं, सविस्तर कागद जोडला. त्यांनी मला केशरी जॅकेट आणि शिट्टी देऊन पार्किंगला उभं केलं. हरकत नाही, नेता तळापासून चढतो. गाड्या लावण्याची जुनी पद्धत मला चुकीची वाटली म्हणून नवी सुरू केली. उपासना संपल्यावर चाळीस गाड्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या. सगळ्यात आत मुख्य पाळकांची. पाऊण तासानं वाट मोकळी झाली.

पार्किंगप्रमुखांनी स्वतः येऊन जॅकेट उतरवून घेतलं. म्हणाले, तुम्ही पुढच्या रविवारपासून आत बसून उपासनेचा आनंद घ्या. एका दिवसात बढती.

२७ जुलै, रविवार
मोठ्या चर्चमध्ये सगळं छान चाललंय. आज पुन्हा 'मी नवीन आहे' लावलं. पाचव्यांदा. मी काही बोललो नाही, नम्रता वाढवायची आहे. कॉफीच्या वेळी खांबाजवळ उभा होतो. तिथून सगळे दिसतात. शेजारच्या गृहस्थांशी बराच वेळ छान गप्पा झाल्या. ते कॉफीचं मशीन दुरुस्त करायला आले होते.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती शिकायला दुसऱ्या शहरात असते. तिनं विचारलं, बाबा, तिथं कुणी मित्र झाले का. मी म्हटलं, भरपूर. ती म्हणाली, एकाचं नाव सांगा. रेंज गेली.

तिच्या आईनं नंतर तिच्याशी तासभर गप्पा मारल्या. रेंज आली असावी.

३ ऑगस्ट, रविवार
आज हिच्याबरोबर शिवणक्लासवर गेलो. बायको दर रविवारी एकटी जाते हे बरं दिसत नाही. बाकी कारण काही नाही.

हिच्याशेजारी एक खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, कुणाची आहे. पाइपवाले भाऊ म्हणाले, तुमचीच, दर रविवारी मांडतो आणि परत घडी करून ठेवतो. मी बसलो. खुर्ची करकरते.

निरीक्षणं: खुर्च्यांच्या रांगा वाकड्या. माइक शिट्टी मारतो. सूचना फार, त्यात विनोद. आजींनी आज तीन गीतांपैकी दोन चुकवली. या लोकांना माझी किती गरज आहे हे बघून जीव तुटतो.

९ ऑगस्ट, शनिवार
पाळकसाहेबांसाठी सुधारणांचं पत्र तयार. चौदा मुद्दे, उपमुद्दे वेगळे. भाषा प्रेमळ ठेवली आहे. मुद्दा सहा: पियानोवाल्या आजींना सन्मानानं निवृत्त करून योग्य व्यक्ती नेमावी. 'सन्मानानं' हा शब्द अधोरेखित केला.

१० ऑगस्ट, रविवार
पत्र दिलं. पाळकसाहेबांनी तिथंच उभ्याउभ्या चारही पानं वाचली. उजवा पाय दोनदा हलला. मग म्हणाले, तुम्ही लक्ष देऊन बघता हे चांगलं आहे, येत्या बुधवारी प्रार्थना तुम्ही करा. म्हणजे चौदाही मुद्दे मान्य.

आजचा उपदेश कुसळ आणि मुसळावर होता. अप्रतिम. हा उपदेश ऐकायला हवा होता अशा नऊ जणांची यादी मी तिथल्या तिथे केली. ही माझ्याकडे बघत होती. तिचंही नाव घातलं.

१३ ऑगस्ट, बुधवार
पाइपवाल्या भाऊंकडे गेलो. छोटी बैठकीची खोली, दहा माणसं, भिंतीला टेकून वॉश-बेसिनची दोन खोकी. माझी प्रार्थना दोन पानांची, मथळ्यांसह. पण आधी प्रत्येकानं आपापली अडचण सांगायची अशी इथली रीत. पियानोवाल्या आजींची पाळी आली. त्यांनी सांगितलं, नजर जात चालली आहे. जूनमध्ये डॉक्टरांनी नंबर दिला, नवा चष्मा केला, पण तेव्हापासून दोनाचे तीन दिसतात आणि तीनाचं काहीच दिसत नाही. वयच झालं, पुढच्या महिन्यापासून पियानो सोडते.

कुणीतरी म्हणालं, अहो, कुठं काय चुकतं. त्या म्हणाल्या, "डोळे अधू झालेत, कान नाहीत. तुम्ही सगळे माझ्या चुकीच्या चालीवर गाता ते मला ऐकू येतं."

मुद्दा सहा आपोआप मार्गी लागला. देव किती तत्पर आहे. त्या मानानं आनंद झाला नाही. पित्त असावं. प्रार्थनेचं एक पान वाचलं, दुसरं खिशातच राहिलं.

घरी दार उघडताना ही एवढंच म्हणाली, चष्म्याच्या कारखान्यात काम करता ना तुम्ही. मी म्हटलं, सव्वीस वर्षं. इतकं साधं तिला माहीत नाही का?

१४ ऑगस्ट, गुरुवार
डबा उघडला तर भाजीच्या डब्यावर चष्म्याचं घर. आजींचा चष्मा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. ही सकाळी सातला त्यांच्याकडे जाऊन घेऊन आली होती.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रावर लावला. नंबर बरोबर, कोन चूक. काही डोळ्यांना भिंग ठरावीक कोनातच लागतं. चिठ्ठीत नव्वद अंश, भिंगात एकशे ऐंशी. दोन्ही डोळ्यांना. म्हणजे उभ्याच्या जागी आडवं. असा चष्मा घालून त्या जिना चढत होत्या, हेच आश्चर्य.

आजींचे डोळे ठीक आहेत. मग संताप आला. हे भिंग पास करणारा माणूस झोपला होता का? असल्या लोकांमुळे आमचा सगळा धंदा बदनाम होतो. मॅडमना जाऊन सांगितलं की आमच्याकडे असलं काम होत नाही, पण जिथं झालं तिथल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवता कामा नये. मॅडम म्हणाल्या, आधी नवी भिंगं करून देऊ या, मग बघू कुठलं काम आहे ते.

१७ ऑगस्ट, रविवार
काल संध्याकाळी नवा चष्मा आजींना नेऊन दिला. आज त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि पहिल्या झटक्यात बरोबर चाल वाजवली. मंडळीची पंचाईत झाली. सवयीनं सगळ्यांनी भलतीच चाल धरली होती. मग हसू फुटलं, पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवून पहिल्यापासून घ्यायला लावलं.

नंतर त्यांनी मला उभं केलं. म्हणाले, या बंधूंनी चूक शोधली. टाळ्या. खऱ्या टाळ्या, माझं काही बोलणं चालू नसताना. आजी उठून आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला. पुढच्या रविवारी मी साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं, असं ठरलं. घरी आल्या आल्या मुद्दे काढले. विषय: देव साध्या माणसाचा कसा उपयोग करतो. 'साध्या' खोडून 'विनम्र' केलं.

मंडळीला माझी गरज २० पैकी २०. आता मलाही तिथं बरं वाटतं.

१८ ऑगस्ट, सोमवार
मॅडमनी दुकानाकडून नंबर घेऊन जुनं जॉब-कार्ड शोधून काढलं. आमच्याच कारखान्यातलं. तारीख १३ जून. शिक्का सत्तावीस.

मॅडम म्हणाल्या, होतं असं, शेरा लिहून द्या. मी लिहिलं, नजरचुकीनं. मग ते खोडलं. नजर चुकली नव्हती, नजर तिथं नव्हतीच. लिहिलं, लक्ष नव्हतं. त्यांनी कार्डाची कॉपी दिली. शर्टाच्या खिशात नीट जपून ठेवली आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार
शांतपणे विचार केला. चूक कुणाचीही असो, सुधारली मी. हे महत्त्वाचं. लोकांना तपशिलात कशाला न्यायचं. आजी आनंदात आहेत, त्यांच्या आनंदावर विरजण घालणं हा उलट स्वार्थ होईल. शिवाय सेक्शनमध्ये शिक्के अदलाबदल होऊ शकतात. (होत नाहीत. प्रत्येकाचा साखळीनं टेबलाला बांधलेला असतो.)

साक्षीचा मसुदा बदलला. 'कुणीतरी बेफिकीर माणसानं' याऐवजी 'काही कारणानं'.

२० ऑगस्ट, बुधवार
डोकं दुखत होतं म्हणून प्रार्थनेला गेलो नाही. आठ वाजता आजींचा फोन, डोकं कसं आहे म्हणून. म्हणाल्या, दोन महिन्यांनी पेपर वाचला. वाचून दाखवू का. मी काही म्हणायच्या आत त्यांनी छोट्या जाहिराती वाचायला घेतल्या. कपाट विकणे आहे. मांजर हरवले आहे. शिकवणी मिळेल. एकही अक्षर चुकलं नाही. डोकं खरंच दुखायला लागलं.

२१ ऑगस्ट, पहाटे ५.१०
प्रार्थनेला बसलो. नेहमीचे शब्द सुरू केले, ते पुढं जाईनात. मग नुसताच बसलो. चार मिनिटं. पण जागा होतो.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून खोकला. पाळकसाहेबांना खोकूनच सांगितलं की आज साक्ष जमणार नाही. म्हणाले, घाई नाही, गिअर पडायला कधी कधी वेळ लागतो. पाइपवाल्या भाऊंनी खोकल्याची गोळी दिली. गीतांच्या वेळी मी विसरून मोठ्यानं गायलो. कुणी काही म्हटलं नाही. या लोकांचं हे काहीच न म्हणणं मला आवडत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
मार्क पुन्हा मोजले. दगडी चर्चवर माझ्याकडून अन्याय झाला होता. ४४ चे ५७ होतात. शांतता आहे, साक्ष वगैरे प्रकार नाहीत, आठ माणसांत कुणी कुणाला विचारत नाही. हिला सांगितलं की येत्या रविवारपासून मी तिकडे जायचं म्हणतो. ही इस्त्री करत होती. म्हणाली, जा, पण आजोबांच्या जागेवर बसू नका. मी म्हटलं, तू येणार नाहीस? ती म्हणाली, नाही, माझी माणसं इथं आहेत.

माझी माणसं. तीन महिन्यांत. माझी सगळी खोकीसुद्धा उघडून झालेली नाहीत.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळी ८.१५
दगडी चर्चला निघालो. हिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत.

३१ ऑगस्ट, दुपारी २.००
कोपऱ्यावर ही डावीकडे वळली, मीही डावीकडे वळलो. का ते कळलं नाही. खिशात तीन पानी साक्ष होतीच.

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. पुढं जाऊन उभा राहिलो, कागद उलगडला. समोर पियानोवर आजी, नवा चष्मा, सरळ माझ्याकडे बघत. सव्वीस वर्षं चष्मे तपासतोय, पण त्यातून कुणी माझ्याकडे इतकं नीट बघितलेलं आठवत नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.

म्हणालो, "तो चष्मा मीच पास केला होता. त्या वेळी माझं लक्ष कामावर नव्हतं, मी मंडळ्यांना मार्क देत होतो. नंतर यांना पियानोवरून काढा असं पत्रही मीच दिलं. मला माफ करा."

एवढंच. पंधरा सेकंद झाली असतील. माझी नेहमीची प्रस्तावनाच पाच मिनिटांची असते.

मनाची तयारी केली होती. निदान कुणीतरी दचकेल. कुणी उठून जाईल. एखाद्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पाळकसाहेब म्हणाले, आमेन. सगळे म्हणाले, आमेन. मग पाळकसाहेबांनी सूचना दिल्या: माइक दुरुस्तीला जाणार आहे, जिन्यातला दिवा गेला आहे, चहा तयार आहे.

मी तिथंच उभा. आजींनी मला हातानं जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. पण तुम्ही सांगेपर्यंत ठाऊक नाही असं समजायचं आमचं ठरलं होतं."

मी विचारलं, आमचं म्हणजे कुणाचं. म्हणाल्या, बुधवारचे सगळे. हिच्याकडे बघितलं. ही शांतपणे कप मांडत होती. म्हणाली, शर्ट कोण धुतं आपल्याकडे.

म्हणजे वीस तारखेलाच सगळ्यांना कळलं होतं. त्याच संध्याकाळी आजींनी मला फोनवर हरवलेलं मांजर वाचून दाखवलं. भाऊंनी खोकल्याची गोळी दिली तीही सगळं माहीत असून. आणि मी अकरा दिवस गुपित सांभाळत होतो.

मी आजींची पत्राबद्दल पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, पत्र बरोबरच होतं की, मी चुकतच होते. मग म्हणाल्या, तुमची ती रांगा सरळ करायची सूचना मात्र चांगली आहे, आज तुम्हीच करा. बावन्न खुर्च्या सरळ रांगेत लावल्या, मग त्यांच्या घड्याही केल्या. करंगळी चिमटली. पाइपवाल्या भाऊंनी बर्फ आणून दिला आणि बोट धरायला लावलं त्यांच्या वहीवर, टेबल ओलं होऊ नये म्हणून.

ती बुधवारची प्रार्थनेची वही निघाली. एका बाजूला विषय, दुसऱ्या बाजूला उत्तर मिळालं की टिक. सहज नजर गेली. आजींचे डोळे, टिक. जिन्याचा कठडा, अजून नाही. मग हिच्या हस्ताक्षरात ओळीनं: यांना एखादा मित्र मिळावा, टिक. यांना खरं बोलायचं बळ मिळावं, टिक, आजची तारीख, शाई ओली. माझ्या करंगळीच्या बर्फानं ती जरा पसरली.

त्याखाली अजून एक ओळ होती: यांनी इथंच राहायचं ठरवावं.

मी भाऊंना स्पष्ट सांगितलं की हा विषय गंभीर आहे, मी घरी जाऊन सर्व बाजूंनी विचार करणार आहे आणि माझा निर्णय यथावकाश कळवीन. ते हो म्हणाले. मग मी पान जरा जवळ घेऊन बघितलं.

टिक झालेली होती. आजची नाही, ३ ऑगस्टची.